भिंतीपासून दीड इंच

"मॅडम, ठोकळा जाईना," इरण्णामामा म्हणाले.

मी तळघराच्या दुसऱ्या टोकाला बोर्डांच्या थप्पीवर बसून नकाशावर खुणा करत होते. मान वर न करताच विचारलं, "कुठला ठोकळा?"

"ह्यो की ओ. दीड इंची. काल सगळीकडं सरळ जात होता. आज मधल्या चार लाकडांपाशी अडकतोय."

मी उठले. इरण्णामामा गुडघ्यावर बसून फ्रेम आणि भिंत यांच्यामधल्या फटीत लाकडाचा तुकडा सरकवत होते. तो अर्धा जात होता आणि थांबत होता.

सोलापुरातल्या एका नव्या वस्तीत दुमजली इमारतीखालचं ते तळघर होतं. अर्ध्या भागात बिराजदार सरांची अभ्यासिका चालायची. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली सकाळी सातला येऊन बसायची ती संध्याकाळीच उठायची. उरलेला अर्धा भाग आजवर अडगळीचा होता. तिथं सरांना आणखी एक हॉल करून हवा होता. अडचण पश्चिमेच्या भिंतीची होती. ती काँक्रीटची, तिच्यामागे थेट जमीन. रंग लावला की महिन्यात पोपडे येत. म्हणून भिंतीसमोर लाकडी फ्रेम उभी करायची आणि फ्रेमवर बोर्ड ठोकायचे, असं ठरलं होतं. ओल बोर्डांना लागू नये म्हणून फ्रेम भिंतीला टेकवायची नाही, मध्ये दीड इंचाची फट ठेवायची. फट सगळीकडे सारखी आहे का ते बघायला इरण्णामामांनी तेवढ्याच जाडीचा ठोकळा कापून घेतला होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून एका इंटिरियरवाल्यांकडे लागले होते आणि एकटीच्या जिवावर मिळालेली ही माझी पहिली साइट. आमच्या साहेबांनी चावी हातात देताना सांगितलं होतं, "हत्तुरे, मला तिथं यायला लावायचं नाही. यावं लागलं तर पुन्हा साइट नाही." त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं. आपल्याला काही येत नाही हे कुणाला तरी कळेल, या एकाच भीतीत मी वावरत होते.

"मोजताना चुकलं असेल," मी म्हणाले.

"ओळंबा बरोबर हाय, मॅडम. तुमी स्वतः बगा. लाकूड उभ्यात सरळ हाय." त्यांनी ओळंबा सोडून दाखवला. दोरी लाकडाला समांतर लोंबत राहिली. "फ्रेम हलली न्हाई."

"मग काय, भिंत हलली?"

हे मी चेष्टेनं म्हणाले होते. इरण्णामामा हसले नाहीत. पन्नाशीच्या पुढचा, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस. तीस वर्षं सुतारकाम केलेलं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "तसंच वाटतंय."

नेमके त्याच वेळी बिराजदार सर जिना उतरून आले. "काय झालं? काही प्रॉब्लेम?"

 सरांचा आणि आमच्या साहेबांचा रोज फोन असायचा.

"काही नाही सर," मी घाईनं म्हणाले. "मिस्त्रींचं माप थोडं चुकलंय. फ्रेम इंचभर पुढं घेतोय."

इरण्णामामांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. ते फक्त थांबले, मी आणखी काही बोलेन म्हणून. 

"काल ठोकळा जात होता, मॅडम," ते हळूच म्हणाले.

"काल तुम्ही नीट बघितलं नसेल, मामा. चष्मा लावत जा की." सर शेजारी उभे होते म्हणून माझा आवाज जरा जास्तच चढला. "सगळी फ्रेम सोडवा आणि पुढं घ्या."

सर हसले. "वय झालं मिस्त्री तुमचं," म्हणत वर गेले.

ती मंगळवारची सकाळ होती. इरण्णामामांनी जेवणाची सुट्टीही न घेता खालच्या पट्टीचे स्क्रू काढले, पट्टी इंचभर पुढे सरकवली, जमिनीत नवी भोकं पाडली.  भिंतीच्या मध्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीला, केसासारखी एक आडवी चीर होती. ती मी बघितली होती. तिच्यावर पुट्टीचा जुना हात होता, म्हणून मी स्वतःला सांगितलं, पुट्टीच तडकलीय. बोट लावलं तर बोटाला पाणी लागलं. ते मी ओढणीला पुसलं.

बुधवारी सकाळी दहाला मी साइटवर पोचले तेव्हा शेजारच्या प्लॉटवर डंपर मुरूम ओतत होता. तिथं नवीन बांधकाम निघालं होतं. आमच्या भिंतीच्या बरोबर मागे त्यांनी ढिगारा लावला होता आणि त्याच्या कडेला कच्चा हौद बांधून पाणी साठवलं होतं. हौदाच्या बुडातून पाणी पाझरून खालची काळी माती चिखल झालेली दिसत होती. मी ते बघत बघत जिना उतरले. बघितलं, पण त्याचा कशाशी संबंध लावला नाही.

इरण्णामामा फ्रेमपाशी उभे होते. हत्यारांची पिशवी अजून उघडलेली नव्हती.

"मॅडम, इकडं या. आवाज करू नका."

मी गेले. मधल्या एका लाकडामागे ठोकळा होता.

"काल जाताना मी हा इथं मुद्दाम ठेवून गेलो," ते म्हणाले. "खिळ्यावर टेकवून, सैल ठेवला होता. जवळजवळ अडीच इंचाची फट, दीड इंचाचा ठोकळा. बोटानं हलत होता. आता काढा."

मी ठोकळा ओढला. तो हलला नाही. दोन्ही हातांनी धरून ओढला. तो भिंतीत पुरल्यासारखा गच्च बसला होता.

एका रात्रीत इंचभर.

  मी भिंतीवर हात ठेवला. बाहेर डंपरनं मुरूम ओतला असावा, कारण माझ्या तळव्याखाली काँक्रीट थरथरलं. काल केसाएवढी असलेली चीर आज इतकी उघडली होती की तिच्यात नाणं उभं राहिलं असतं. तिच्यातून पाणी एका रेषेत गळत होतं, आवाज न करता.

"भिंत येतीया," इरण्णामामा म्हणाले.

पातळ प्लायच्या आडोशापलीकडे पंखे फिरत होते. कुणीतरी खोकलं. पान उलटल्याचा आवाज आला.

"पलीकडं किती मुलं आहेत?" मी विचारलं. 

"हाजरी वहीत अडतीस सह्या हाईत. येताना बगून आलो."

मी मोबाईल काढून साहेबांना लावला. खाली रेंज नव्हती. मी जिन्याच्या चार पायऱ्या चढून लावला. रिंग वाजत राहिली, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला.  खरं सांगायचं तर तेव्हाही माझ्या डोक्यात मुलं नव्हती. साहेबांना काय सांगू, हेच होतं. भिंत पडली नाही तर? अडतीस मुलांना परीक्षेच्या तोंडावर उठवलं आणि काहीच झालं नाही तर?

खाली फ्रेमचं लाकूड वाजलं. उसाचं कांडं गुडघ्यावर मोडताना आधी जो बारीक आवाज येतो, तसा.

इरण्णामामा वर बघत म्हणाले, "मॅडम, आता फोन ठेवा."

मी धावत अभ्यासिकेच्या दारात गेले. ओळीनं टेबलं, प्रत्येकाला तिन्ही बाजूंनी आडोसा, प्रत्येकात एक वाकलेलं डोकं. दारावरच पाटी होती, बोलण्यास सक्त मनाई. मी म्हणाले, "ऐका... बाहेर या जरा." एकानं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. बाकी कुणी वरही बघितलं नाही. मला ओरडायचं होतं. आणि ओरडले तर? अडतीस जण एकदम त्या अडीच फुटी जिन्यावर धावतील, त्यातच कुणी चेंगरेल.

माझ्या खांद्याला हात लागला. "ओरडू नका," इरण्णामामा कानाशी म्हणाले. "लाइट घालवतो."

"काय?"

"लाइट गेली की पोरं आपसूक वर जात्यात. रोजच्या लोडशेडिंगला बगतो की."

ते जिना चढून गेले. वरच्या दारापाशी मेन स्विच होता. खट्‌ असा आवाज झाला आणि तळघर काळं झालं. पंखे हळू होत थांबले.

एक सामुदायिक "अरे यार" निघालं. "आज तर दुपारची होती ना?" कुणीतरी म्हणालं. खुर्च्या सरकल्या. कुणी हसलं, कुणी चहाचं विचारलं. मुलं हात भिंतीला लावत, एकमेकांना ढकलत, निवांत वर चढू लागली. त्यांच्या त्या निवांतपणानं मला वेड लागायची पाळी आली. मी दाराशी उभी राहून मोबाईलचा इवलासा टॉर्च पायऱ्यांवर धरला होता आणि म्हणत होते, "चला, चला, थांबू नका, चला." माझ्या मागे अंधारात लाकूड पुन्हा वाजलं. मग आणखी एक. एका मुलानं विचारलं, "काय वाजतंय?" मी म्हणाले, "काम चाललंय."

शेवटचा मुलगा गेल्यावर मी मागे न बघताच वर आले. उन्हात आल्यावर डोळे दिपले. मुलं समोरच्या चहाच्या टपरीकडे पांगत होती. बिराजदार सर घामाघूम होऊन रस्त्यावरून येत होते.

"मेन कुणी बंद केला? आख्ख्या गल्लीत लाइट आहे, फक्त आपल्याकडंच कशी गेली?"

"मी केला," इरण्णामामा म्हणाले.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? दहा दिवसांवर परीक्षा आहे पोरांची!" सर स्विचकडे वळले.

मी त्यांच्या आणि स्विचच्या मध्ये जाऊन उभी राहिले.  "सर, हात लावू नका. भिंत येतेय. पाणी आत येतंय, करंट उतरेल."

"कुठली भिंत?"

"पश्चिमेची. काल रात्रीपासून इंचभर आलीय."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनाही ती चीर माहीत होती, हे मला त्या चेहऱ्यावरून कळलं. पुट्टीचा तो हात त्यांनीच मारून घेतला होता.

"मॅडम," इरण्णामामांनी हाक मारली. ते दाराबाहेर चपलांच्या मांडणीपाशी वाकले होते. अभ्यासिकेत चपला घालून जायला परवानगी नव्हती. सगळी मुलं आपापल्या चपला घालून गेली होती. खालच्या फळीवर एक जोड राहिला होता. निळ्या पट्ट्याच्या, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली.

"ही कुणाची?" ते मोठ्यानं म्हणाले.

टपरीवरचा एक मुलगा मागे वळला. "ती? ती ढोबळेची. प्रणोती. ती नाही येत वर. लाइट गेली तरी तिच्याकडं चार्जिंगचा दिवा असतो. कानात कापूस घालून बसते."

"बसते कुठं?"

"एकदम शेवटी. प्लायच्या भिंतीजवळ."

 इरण्णामामा जिन्याकडे वळलेसुद्धा. मी त्यांचा सदरा धरला. का धरला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांना थांबवायला नसेल. मला एकटीला तिथं उभं राहायचं नव्हतं, बहुतेक तेच.

"तुमी उजेड धरा," ते म्हणाले. "बाकी काही करू नका. शेवटच्या पायरीवर थांबा आणि उजेड धरा."

मी उतरले.  खाली वास बदलला होता. ओल्या मातीचा, खणलेल्या विहिरीसारखा वास. जमिनीवर पाणी होतं, माझ्या पायाच्या अंगठ्याला लागलं. मी शेवटच्या पायरीवर थांबले आणि टॉर्च वर केला. हात इतका हलत होता की सगळं तळघर हलल्यासारखं दिसत होतं. मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

दूर कोपऱ्यात खरंच एक पिवळा उजेड होता.

"बाळ! ए बाळ!" इरण्णामामा पाण्यातून चालत ओरडत होते. "ऊठ, ऊठ!"

तो उजेड हलला नाही. मग एक दचकलेला आवाज आला, "कोण? काय झालं?"

"चल वर. भिंत पडतीया."

"थांबा, माझ्या वह्या..."

"सोड त्या!"

"नोट्स आहेत माझ्या! दोन वर्षांच्या!"

काही पडलं. खुर्ची असावी. आणि मग फ्रेम बोलायला लागली. आतापर्यंत एकेक लाकूड वाजत होतं, आता सगळी एकदम. कर्र असा लांबलेला आवाज, एखादं जुनं दार कुणी सावकाश उघडतंय आणि ते उघडणं संपतच नाही, तसा. मला टॉर्च टाकून पळावंसं वाटत होतं. माझं अंग अर्धं वळलंही होतं. एक पाय वरच्या पायरीवर गेला होता. पण उजेड मी धरून ठेवला. मी त्या दिवशी काय केलं म्हणून कुणी विचारलं तर एवढंच केलं.

ती मुलगी छातीशी वह्या धरून उजेडात आली. मागून इरण्णामामा तिला पाठीवर हात ठेवून ढकलत होते. प्लायचा आडोसा फुगून फाटला आणि त्यातून फ्रेमचं एक लांब लाकूड वाकत वाटेवर आलं, तिच्या डोक्याच्या उंचीला. ती थांबली. इरण्णामामांनी उजव्या हातानं ते लाकूड वर धरलं.

"खालून जा. वाकून. जा!"

ती वाकून गेली, माझ्या अंगावर आदळली. मी तिला वर ढकललं. मागे वळले तेव्हा टॉर्चच्या उजेडात मला भिंत दिसली. मध्ये फुगलेली, पोटासारखी. त्या पोटावर चीर उघडत गेली आणि आतलं काळं बाहेर आलं.

आवाज मोठा नव्हता. लोकांना वाटतं, स्फोटासारखा असेल. तसा नव्हता. एक जड उसासा, आणि हवेचा धक्का, आणि पाठोपाठ चिखल. माझ्या कमरेपर्यंत तो आला आणि त्यानं मला पायऱ्यांवर आपटलं. टॉर्च गेला. अंधारात मी इरण्णामामांना हाका मारत होते आणि माझ्या तोंडात माती जात होती. मग त्यांचा आवाज आला. तो शब्दाचा आवाज नव्हता. जनावर ओरडावं तसा.

पोरांनी त्यांना काढलं. टपरीवरून सगळी परत धावत आली होती. त्यांचा हात पायरीच्या काठावर, त्या लाकडाखाली दबला होता. सात-आठ जणांनी लाकूड उचललं. प्रणोती ढोबळे रस्त्यावर मातीत बसून वह्या मोजत होती आणि मोजता मोजता हुंदके देत होती.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात महापालिकेचे एक अधिकारी जबाब घ्यायला आले. मी इरण्णामामांच्या खाटेपाशी स्टुलावर बसले होते. अधिकाऱ्यांनी आधी समजावून सांगितलं, काळी माती पाणी प्यायली की फुगते, वर मुरमाचा भार, मागे दाब, भिंत मुळातच पातळ. मग कागद काढला.

"भिंत सरकतेय हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच खाटेवरून आवाज आला.

"मॅडमच्या."

मी वळून बघितलं. इरण्णामामांचे डोळे मिटलेले होते. हातावर मोठं बँडेज, ओठ सुकलेले.

"कधी?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

 ते पेन धरून वाट बघत होते. मला वाटतं, पाच सेकंद गेले असतील. तेवढ्या वेळात मी साहेबांचा चेहरा बघितला, माझ्या आईचा बघितला, मंगळवारचा माझाच चढलेला आवाज ऐकला.

"काल सकाळी," मी म्हणाले. "दहा वाजता."

त्यांनी लिहिलं. मी सही केली.

पेपरात माझं नाव आलं. तरुणीच्या प्रसंगावधानाने अडतीस विद्यार्थी बचावले. वस्तीतल्या मंडळानं शाल आणि नारळ दिला. साहेबांनी ते कात्रण टेबलाच्या काचेखाली घातलं आणि मला दुसरी, मोठी साइट दिली. त्या साइटवर मी रोज सकाळी गाडीवरून उतरल्या उतरल्या ओकायची. कुणी मिस्त्री "मॅडम" म्हणाला की छातीत धडधडायचं.

तीन आठवड्यांनी मी इरण्णामामांच्या घरी गेले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे तुळस. ते ओट्यावर बसून डाव्या हातानं भाकरी मोडायचा प्रयत्न करत होते. त्यांची बायको, शांतव्वा, मला बघताच बाहेर आली. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिनं बोटं कानशिलावर मोडली.

"तुमीच का त्या? बसा माय, बसा. तुमी न्हवता तर ह्यांचं मढंच आलं असतं घरात."

मी बसले. मोसंबीची पिशवी खाली ठेवली.

ती चहा टाकता टाकता आतून बोलत होती. "तीस वर्सं लाकडात घातली ह्यांनी. आणि भिंत येतीया ते कळलं न्हाई. एवढीशी पोर, तिला कळलं. प्लायच्या दुकानावर सगळे सुतार बसत्यात, ते म्हनत्यात, इरण्णाची नजर गेली आता. हात तर गेलाच, पण नजर आदीच गेलती. मी बी म्हनते, चष्मा लावा म्हनून किती दिस सांगत होते."

इरण्णामामा खाली बघत भाकरीचा तुकडा चुरत होते. त्यांनी मान वर केली नाही. मंगळवारी सरांसमोर मी त्यांना जे बोलले, तेच आता त्यांच्या घरात, त्यांच्या बायकोच्या तोंडून त्यांना रोज ऐकावं लागत होतं. आणि ते ऐकत होते.

मला पुन्हा तीच भीती वाटली, जी त्या शेवटच्या पायरीवर वाटली होती. पळून जावंसं वाटलं.

"शांतव्वा," मी म्हणाले. "यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं."

आतलं भांडं वाजायचं थांबलं.

"मंगळवारी सकाळी. भिंत हलतेय म्हणून. मी ऐकलं नाही. सरांसमोर मीच म्हणाले, तुमचं माप चुकलं. ठोकळा लावून पुराव्यानिशी यांनीच दाखवलं. लाइट घालवायचं यांनाच सुचलं. मुलीला आणायला हेच गेले. मी फक्त टॉर्च धरला होता."

शांतव्वा दारात आली. हातात गाळणी तशीच. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"खरं का ओ?" तिनं नवऱ्याला विचारलं.

त्यांनी हळूच मान हलवली.

"मग त्या सायबाला का न्हाई सांगितलं? मला का न्हाई सांगितलं? मी रोज तुमाला..." तिचा आवाज फुटला.

"काय सांगायचं," इरण्णामामा म्हणाले. "हात गेलाच होता. पोरीची पैलीच साइट. तिची भाकरी कशाला घालवायची." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "आणि मी बी भ्यालो की. एकदा बोललो. दुसऱ्यांदा बोलायला भ्यालो. त्या म्हनल्या, तुमचं चुकलं. मला बी वाटलं, असंल बाबा, वय झालं. मंगळवारभर मी तेच म्हनत होतो मनात. ठोकळा ठेवून गेलो ते पन माझं चुकलंय का ते बगायला."

 चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा शांतव्वा आत गेली. परत आली ती चहा न घेताच. डोक्यावरून पदर ओढून घेतलेला.

"कुठं लिहून घेत्यात ते?" तिनं मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या कार्यालयात गेलो. इरण्णामामा आले नाहीत. नको म्हणाले, कशाला आता, म्हणाले. शांतव्वानं ऐकलं नाही. नोकरी माझी त्याच आठवड्यात गेली आणि साहेबांनी काचेखालचं कात्रण माझ्यासमोर काढून चुरगाळलं. पुढची दोन वर्षं मला गावात कुणी काम दिलं नाही. पण ते नंतरचं. त्या सकाळी मी टेबलासमोर उभी होते.

अधिकाऱ्यांनी जुना कागद काढला. "मॅडम, सही झालेला जबाब आहे हा. काय बदलायचंय यात?"

"पहिलंच वाक्य," मी म्हणाले. "भिंतीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. सोबतच्या सुतारांच्या आलं होतं. आदल्या दिवशी."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा शांतव्वाकडे बघितलं. नवा कागद घेतला. लिहायला लागले. "सोबतचा सुतार..."

"सुतार न्हाई," शांतव्वा म्हणाली. तिनं टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले होते. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती कागदावर वाकली होती. "नाव लिवा. इरण्णा मोनप्पा पांचाळ. मी सांगते तसं, सावकास लिवा."

आणि त्यांनी पेनाचं टोक टेकवून लिहायला सुरुवात केली, तेव्हा ती प्रत्येक अक्षराबरोबर ओठ हलवत राहिली, पूर्ण होईपर्यंत.